क्योतोचा मठ आणि दीक्षाभूमीचं कॉलेज

नागपुरात ऑटोवाल्याला 'दीक्षाभूमी कॉलेज' म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही. बाहेरगावचा माणूस मात्र आत शिरल्यावर बुचकळ्यात पडतो. शेजारी एवढा मोठा स्तूप, आणि इथे कॉमर्सचे वर्ग, सायन्सच्या प्रयोगशाळा, कायद्याची पोरं. हे कसलं बौद्ध कॉलेज?

याचं उत्तर धर्मांतराच्याही आधीचं आहे. बाबासाहेबांनी 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नाव बुद्धाचं, पण शिकवायचं आर्ट्स नि सायन्स. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना जमावं म्हणून वर्ग सकाळी. 1950 साली औरंगाबादला दुसरं कॉलेज निघालं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मला या नावाची फार गंमत वाटते. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, उत्तरं देणारा भिक्खू नागसेन. कॉलेजला नाव दिलं प्रश्न विचारणाऱ्याचं. नागसेनाच्या वाट्याला आला परिसर, नागसेनवन!

मग 14 ऑक्टोबर 1956. दीक्षा झाली, दोन महिने होत नाहीत तोच 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. नागपुरात मागे राहिलं ते एक मोकळं मैदान. त्या जागेवर स्मारक समितीने 1964 साली कॉलेज उभं केलं. आज जो स्तूप आपण पाहतो, त्याचं उद्घाटन 18 डिसेंबर 2001चं. म्हणजे आधी वर्ग भरले, घुमट सदतीस वर्षांनी आला. हा क्रम मुद्दाम ठरवलेला होता की पैशाअभावी तसा झाला, यावर वाद घालता येईल. पण सिद्धार्थ कॉलेजच्या वळणावरच तो गेला, हे खरं.

जपानात हीच वाट उलट्या टोकाकडून चालली गेली. क्योतोचं ऱ्युकोकू विद्यापीठ हे खाजगी, जोदो शिन्शू या जपानी बौद्ध पंथाचं. 1639 साली निशी होंगवांजी मंदिरात पुरोहितांना शिकवायची पाठशाळा म्हणून ते सुरू झालं. विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1922 साली. अर्थशास्त्र, कायदा वगैरे त्यानंतर आले, विज्ञान-अभियांत्रिकी 1989 साली आणि शेतीशास्त्र तर अगदी 2015 साली. तिथे बौद्ध विद्या आधी होती, बाकीचे विषय मागून येऊन बसले. आपल्याकडे बी.एस्सी. आधी, पाली (जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा) नंतर. (जाता जाता: ऱ्युकोकू म्हणजे 'ड्रॅगनची दरी'. चिनी-जपानी बौद्ध ग्रंथांत आपल्या 'नाग' शब्दासाठी ड्रॅगनचंच अक्षर वापरतात, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या नावातसुद्धा. तेव्हा नागपूरकराने तिला 'नागांची दरी' म्हटलं तर बिघडलं कुठे?)

पाली आपल्याकडे अगदीच उपरी राहिली असंही नाही. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृतचा विभाग आहे. बौद्ध भिक्खू आणि लेखक भदंत आनंद कौसल्यायन यांनी अखेरची वर्षं नागपुरातच काढली, 1988 साली ते इथेच गेले. कामठी रोडवर नागलोक हे बौद्ध केंद्र आहे. तिथल्या चालत्या बुद्धाच्या मूर्तीपाशी फोटो काढून बहुतेक लोक परततात. पण आत नागार्जुन संस्थेत देशभरातल्या राज्यांतून आलेली मुलंमुली राहून धम्म आणि आंबेडकरी विचार शिकतात. पदवी हाती घेऊन नोकरी शोधण्यापेक्षा गावी परतून काम करावं, हा तिथला रोख.

पालीला फटकेही बसले. 2013 साली यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांतून पाली साहित्य काढलं गेलं, आणि स्पर्धा परीक्षेच्या आशेने पालीकडे वळणाऱ्यांचा एक दरवाजा बंद झाला. उलट 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने अभिजात भाषांचा निर्णय घेतला, त्यात मराठीच्या जोडीने पालीही होती. मराठीसाठी पेढे वाटले गेले. पालीसाठी कोणी वाटल्याचं निदान माझ्या पाहण्यात नाही.

तरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपाशी जरा वेळ थांबून बघावं. मागच्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ पाली व्याकरणाचं पुस्तक उलटसुलट करून बघत होते. पांढरा सदरा, खांद्यावर निळं उपरणं, पिशवीत भाकरीचं गाठोडं. विक्रेत्याने विचारलं, "बाबा, कोणासाठी?" ते म्हणाले, "नातीसाठी. ती इंजिनिअरिंगला आहे." आणि किंमत न विचारता त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला.