पार्सन्स कॉलेज

पार्सन्स कॉलेज : अमेरिकेच्या आयोवा राज्यातील फेअरफील्ड येथे 1875 ते 1973 या काळात चाललेले, प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या आश्रयाने उभे राहिलेले खासगी कॉलेज. फेअरफील्ड हे जेफर्सन काउंटीचे मुख्य ठिकाण. आज या गावाचे नाव निघते ते महर्षी महेश योगींच्या विद्यापीठामुळे, आणि पार्सन्सचा उल्लेख ‘त्या जागेवर आधी असलेले कॉलेज’ एवढ्यावर आटोपतो. हा थोडा अन्यायच म्हणायला हवा. गिऱ्हाईक आटले म्हणून छोटी कॉलेजे बंद पडतात; हे बुडण्याआधी तुडुंब भरले होते.

कॉलेजला नाव मिळाले ते लुईस बी. पार्सन्स (थोरले) या सधन गृहस्थांवरून. त्यांचे निधन 1855 मध्ये झाले. उरलेल्या मालमत्तेतून आयोवात एक ख्रिस्ती कॉलेज काढावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. ती इच्छा पुरी व्हायला वीस वर्षे लागली. मुलांनी ती तडीस नेली. त्यांतले एक, जनरल लुईस पार्सन्स, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याची रेल्वे व जलवाहतूक सांभाळत होते. कॉलेज 1875 मध्ये सुरू झाले तेव्हा इमारत एक होती आणि विद्यार्थी 34.

पुढची ऐंशी वर्षे त्या भागातल्या इतर चर्च-कॉलेजांसारखीच गेली. इमारती वाढल्या, 1911 मध्ये बारहाइट चॅपेल बांधले गेले, आणि पैशाची चणचण बहुतेक काळ राहिली. 1948 मध्ये अधिस्वीकृती गेली, ती दोन वर्षांनी परत मिळाली. अमेरिकेत कॉलेजांना ही मान्यता सरकार थेट देत नाही; कॉलेजांनीच मिळून स्थापलेल्या संघटना ती देतात. ती नसेल तर एका कॉलेजात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) दुसरीकडे धरले जातील याची हमी राहत नाही. पार्सन्सच्या शेवटाकडे जाताना हा तपशील लक्षात ठेवावा लागतो.

1955 मध्ये मिलर्ड जी. रॉबर्ट्स अध्यक्ष झाले. ते प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते, पण त्यांचे बोलणे व्यापाऱ्याचे होते : कॉलेज धंद्यासारखे चालवता येते आणि त्यात नफाही उरतो. त्यांची योजना ‘पार्सन्स प्लॅन’ म्हणून ओळखली गेली. वर्षाची दोनऐवजी तीन सत्रे केली. नेहमीच्या कॉलेजात आठ सत्रांना चार वर्षे लागतात. इथे तीच आठ सत्रे दोन वर्षे आठ महिन्यांत उरकता येत. शिवाय वर्गखोल्या आणि वसतिगृहे उन्हाळाभर ओस पडत नसत. शिकवल्या जाणाऱ्या विषयांची संख्या छाटली आणि उरलेले विषय मोठ्या वर्गांत शिकवायला घेतले. प्राध्यापकाने व्याख्यान द्यायचे, त्याच्या हाताखालच्या शिक्षकाने छोट्या गटांत चर्चा घ्यायची, आणि मागे पडलेल्या मुलाला शिकवणीदाराने हाताशी धरून पुढे न्यायचे, अशी तीन पायऱ्यांची उतरंड होती. वरच्या पायरीवरच्या प्राध्यापकांचे पगार देशातल्या चांगल्या पगारांत मोडत.

विद्यार्थी मात्र कुठून आणायचे? इतर कॉलेजांतून नापास होऊन बाहेर पडलेल्यांना रॉबर्ट्स यांनी दार उघडले. कल्पना वाईट नव्हती. एकदा अडखळलेल्या मुलाला दुसरी संधी मिळायलाच हवी, आणि शिकवणीदारांची सोयही कागदावर त्यासाठीच होती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तर कॉलेजात नाव असले की सक्तीची सैन्यभरती पुढे ढकलली जाई, त्यामुळे शुल्क भरायला तयार असलेल्या पालकांची वाण नव्हती. साडेतीनशेच्या आसपास असलेली विद्यार्थिसंख्या 1966 पर्यंत 5,000 च्या घरात गेली. पण जितके येत, त्यातले बरेच तितक्याच वेगाने गळत. शिक्षकही टिकत नसत. चर्चशी असलेले नाते 1963 मध्ये तुटले. म्हणजे भरभराटीच्या ऐन काळात पार्सन्स हे नावापुरतेही ख्रिस्ती कॉलेज उरले नव्हते, आणि ‘ख्रिस्ती कॉलेज बुडाले’ असे म्हणताना एवढी दुरुस्ती करावी लागते.

याच सूत्रावर इतर गावांनी नवी कॉलेजे काढली : मिनेसोटात ली कॉलेज, आयोवात मिडवेस्टर्न आणि चार्ल्स सिटी, नेब्रास्कात हायरम स्कॉट आणि जॉन एफ. केनेडी, न्यू मेक्सिकोत आर्टेशिया. एकही टिकले नाही.

जून 1966 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने रॉबर्ट्स यांच्यावर लेख छापून त्यांना नापासांच्या विद्यापीठाचा जादूगार ठरवले. एप्रिल 1967 मध्ये नॉर्थ सेंट्रल असोसिएशन या संघटनेने अधिस्वीकृती काढून घेतली. कॉलेज न्यायालयात गेले. शैक्षणिक दर्जा जोखणे हे त्या क्षेत्रातल्या समव्यवसायींचे काम, न्यायालयाने त्यात पडू नये, अशी भूमिका घेऊन संघीय न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. अधिस्वीकृतीच्या वादांत हा निकाल पुढे अनेकदा आधाराला घेतला गेला. पार्सन्सची ही कदाचित सर्वांत टिकाऊ देणगी, तीही हरलेल्या खटल्यातून. रॉबर्ट्स यांना त्याच वर्षी पायउतार व्हावे लागले.

त्यानंतर विद्यार्थी झपाट्याने ओसरले. 1970 मध्ये मान्यता परत मिळाली, पण हजारोंच्या हिशेबाने वाढवलेला पसारा थोड्यांच्या शुल्कात भागेना. 1.4 कोटी डॉलरचे कर्ज डोक्यावर घेऊन 1973 मध्ये कॉलेजने दिवाळे काढले आणि दारे बंद केली.

पुढच्याच वर्षी, कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळ नुकतेच वर्ग सुरू केलेल्या महर्षी इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीने हा परिसर सुमारे 25 लाख डॉलरना विकत घेतला. ध्यानासाठी दोन सोनेरी घुमट 1980 आणि 1981 मध्ये उभे राहिले. नंतर स्थापत्यवेदाच्या (वास्तुशास्त्राच्या) नियमांप्रमाणे, पूर्वाभिमुख प्रवेशद्वारांच्या नव्या इमारती बांधण्यासाठी जुन्या एकेक करून उतरवल्या गेल्या. बारहाइट चॅपेल 2001 मध्ये पाडले. ते ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत होते. पण सूचीत नाव असल्याने खासगी मालकाचा पाडण्याचा हक्क जात नाही, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांच्या हरकतींचा उपयोग झाला नाही.