जतन आणि जीर्णोद्धार

गावच्या जुन्या मंदिराच्या भिंतीला ओल आली किंवा शिखराचा गिलावा सुटू लागला, की देवस्थानच्या बैठकीत जीर्णोद्धाराचा ठराव होतो. ठराव मांडणाऱ्यांची श्रद्धा खरी असते. मात्र अशा मंदिराला बहुतेक वेळा जीर्णोद्धाराची नव्हे, तर जतनाची गरज असते, आणि हा फरक वेळीच लक्षात न आल्यामुळे कित्येक घडीव दगडी मंदिरे आपण आपल्याच हातांनी गमावली आहेत.

जीर्णोद्धार म्हणजे मोडून पडलेले पुन्हा उभे करणे. गोव्यातील सप्तकोटेश्वराचे दिवाडी बेटावरचे मूळ मंदिर पोर्तुगिजांनी पाडले, देव नार्वे येथे आणला गेला आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करविला. काशी विश्वेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये उभारले. राखण्यासारखे मूळ मंदिर ज्या जागी उरलेलेच नव्हते, तेथे ही पुनर्बांधणी झाली आणि म्हणूनच ती थोर ठरली. उभ्या, धडधाकट मंदिराला तोच शब्द लावून ते उतरवणे हे त्या परंपरेत बसत नाही.

जतनाचा हेतू याच्या उलट असतो. जे उभे आहे त्याला शक्य तितका कमी हात लावायचा, बिघाडाचे मूळ शोधायचे आणि मूळच्याच जातीचे साहित्य वापरायचे. यात सर्वांत मोठी गल्लत होते ती चुना आणि सिमेंट यांच्या बाबतीत. जुन्या चुनेगच्ची बांधकामात दोन बाजूंना घडीव दगड आणि मधे चुना-दगडगोट्यांचा भराव असतो. काळा पाषाण स्वतः फारसे पाणी शोषत नाही, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती मुख्यतः दगडांमधल्या दरजांतून. चुन्याच्या दरजा ही ओल बाहेर जाऊ देतात, आणि बारीक भेग पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तिथेच पुन्हा साचून ती काही अंशी बुजवतो. त्याच दरजा सिमेंटने भरल्या की पाणी भरावातच कोंडते, आतला चुना हळूहळू धुपतो आणि भिंतीला पोट सुटते. वरून मात्र काम नीटनेटके दिसत राहते, म्हणून दोष पुढे कोणी सिमेंटला देत नाही.

ऑइलपेंटचेही असेच आहे. रंगवलेल्या खांबावरून बोट फिरवून पाहावे: कीर्तिमुखाच्या डोळ्यांच्या खाचा आणि वेलबुट्टीच्या कडा रंगाच्या थरांखाली बुजलेल्या हाताला स्पष्ट कळतात. तो रंग काढण्यासाठी वाळूचा मारा केला, तर रंगाबरोबर कोरीव कामाची धारही जाते.

चुन्याचे काम सिमेंटपेक्षा वेळखाऊ असते, हे मान्य करायला हवे. चुना विरवून मुरू द्यावा लागतो, दगडी चाकाच्या घाणीत मळावा लागतो, लावल्यावर काही दिवस ओला ठेवावा लागतो. असे काम जाणणारे गवंडीही कमी राहिले आहेत. शिवाय वर्गणी देणाऱ्याला नवा सभामंडप डोळ्यांना दिसतो, तर नीट भरलेली दरज दिसत नाही. माझ्या मते जतन मागे पडण्याचे खरे कारण हेच आहे, पैशांची कमतरता नव्हे.

काही वेळा मंदिर उतरवण्यावाचून इलाज नसतो, उदाहरणार्थ पाया खचला असेल आणि भिंती कललेल्या असतील तेव्हा. अशा वेळी प्रत्येक दगडावर क्रमांक घालून, छायाचित्रे आणि मापे घेऊन तेच दगड त्याच जागी बसवता येतात.

संरक्षित स्मारकाला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मात्र गावोगावची असंख्य मंदिरे कोणत्याच यादीत नाहीत, आणि त्यांचा निर्णय गावाच्या बैठकीतच होतो. म्हणून ठराव करण्यापूर्वी एका पावसाळ्यात, मोठी सर येऊन गेल्यावर, चार जाणत्यांनी मंदिरात जाऊन पाणी नेमके कुठून उतरते ते पाहावे. पुष्कळदा ते छतावर उगवलेल्या पिंपळाच्या मुळांशी किंवा बुजलेल्या पन्हाळीत सापडते.