मुलुंड तीन घरांचं, भायखळा सहा

‘टर्मिनलवर मराठी नीट बसत नाही, इंग्रजीतच काम कर.’ मुंबईत संगणकाच्या कामाला लागलेल्या नव्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. टर्मिनल म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा, म्हणजे कमांड, द्यायची खिडकी. पुरावाही लगेच दाखवला जातो. डावीकडे लोकलच्या स्टेशनांची नावं, उजवीकडे अंतरं, अशी साधी यादी छापा. नावं रोमन लिपीत असली की आकडे एका रेषेत उभे राहतात, मराठीत असली की जागा मिळेल तिथे. पुरावा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चूक आहे.

टर्मिनलचा पडदा म्हणजे गणिताची चौकटींची वही : प्रत्येक घर सारख्या रुंदीचं, एका घरात एक अक्षर. ओळीत ८० घरं असण्याचा रिवाज आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डापासूनचा. या वहीत रकाने पाडायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे टॅब. पण टॅबला स्वतःची रुंदी नसते. तो फक्त ‘आठच्या पुढच्या पटीवर जा’ एवढंच सांगतो. परळ तीन घरांत संपतं, भायखळा सहा घरांत, दोन्हींनंतरचा आकडा आठ घरं सोडून बसतो. ‘मुंबई सेंट्रल’ बरोबर आठ घरं खातं, त्यामुळे त्याचा आकडा थेट सोळा घरं ओलांडून पलीकडे जातो.

म्हणून ‘कॉलम’ ही कमांड. टी हा पर्याय दिला की ती प्रत्येक रकान्यातला सर्वांत रुंद मजकूर शोधते, बाकीच्यांना तेवढ्या स्पेस जोडते आणि मध्ये दोन स्पेसचं अंतर ठेवते. सर्वांत रुंद कोण, हे शेवटची ओळ वाचल्याशिवाय कळणार नाही, म्हणून ती सगळा मजकूर गिळून मगच तोंड उघडते. सतत वाढत जाणाऱ्या लॉगवर, म्हणजे नोंदींच्या फायलीवर, ती लावून वाट बघत बसू नये. शिवाय ती मुळात स्पेसवर तुकडे करते, त्यामुळे ‘मुंबई सेंट्रल’चे दोन रकाने होतात. तिथे मजकुरात स्वल्पविराम घालून एस या पर्यायाने ‘इथे तोड’ असं सांगावं लागतं.

आता खरी गंमत. बहुतेक जण कॉलम न वापरता ‘प्रिंटएफ’ या मजकूर छापणाऱ्या कमांडला सांगतात, ‘नावाला वीस जागा दे’. वीस काय? बॅश या शेलमधला, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, प्रिंटएफ बाइट मोजतो. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा, संगणक मजकूर अशाच आकड्यांत साठवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. युनिकोड या यादीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो, ‘म’चा २३५०. तो सोळा बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या सोळा जागांत, लिहून चार, सहा, सहा असे तुकडे करायचे. पहिल्या तुकड्यात २२४ मिळवायचे, उरलेल्या दोन्हींत १२८. हाती येतात २२४, १६४, १७४. उकाराचा क्रमांक २३६९, म्हणजे २२४, १६५, १२९. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. एकदा हे कळलं की बिघडलेल्या फायलीतल्या आकड्यांच्या ढिगातूनही देवनागरी ओळखू येते! ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली.

‘मुलुंड’ घ्या : म, उकार, ल, उकार, अनुस्वार, ड. सहा चिन्हं, अठरा बाइट. ‘भायखळा’ : भ, काना, य, ख, ळ, काना. तीही सहा चिन्हं, तेही अठरा बाइट. पण घरं? काना स्वतःची जागा घेतो. उकार आणि अनुस्वार अक्षराच्या खालीवर बसतात, त्यांची रुंदी शून्य. मुलुंड तीन घरांत मावतं, भायखळ्याला सहा लागतात. वीस बाइटांच्या हिशेबाने दोघांनाही दोनच स्पेस मिळतात. परळ मात्र नऊ बाइटांचं, त्याला अकरा. परिणामी परळचा आकडा चौदा घरांनंतर येतो आणि मुलुंडचा पाच. डोंबिवलीचे बाइट चोवीस, तिला एकही स्पेस नाही. नाव आणि अंतर चिकटूनच छापलं जातं. रोमन लिपीत बाइट, चिन्हं आणि घरं हे तिन्ही आकडे एकच येतात, म्हणून तिथे कुणाला काही जाणवत नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘डब्ल्यूसी’ ही कमांड तिन्ही मोजमापं देते : सी ने बाइट, एम ने चिन्हं, मोठ्या एल ने घरं. मुलुंडसाठी १८, ६, ३. फक्त सिस्टिमची भाषा यूटीएफ-८ वर असायला हवी.

जाता जाता, ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, नासाने सांगितलं’ हे वर्षानुवर्षं फिरणारं फॉरवर्ड. त्याचं मूळ नासाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांचा १९८५ सालचा एक लेख. तो शास्त्रीय संस्कृतात अर्थाची मांडणी कशी करतात याबद्दल होता, नासाचं प्रमाणपत्र नव्हे. संस्कृत लिहायलाही देवनागरी चिन्हाला तेच तीन बाइट लागतात आणि प्रिंटएफ तिचेही रकाने तितकेच वाकवतो.

लिनक्सवरची कॉलम घरं मोजते, म्हणून तिथे मुलुंड आणि परळ सारखे धरले जातात. तरी एक अडचण उरतेच. कुठल्या चिन्हाला किती घरं, याचा तक्ता कमांडकडे असतो तसा टर्मिनलकडेही असतो. ‘कुर्ला’ला कमांड चार घरं धरते. टर्मिनलने ‘र्ला’ एकाच घरात कोंबलं तर आकडा दोन घरांनी डावीकडे सरकतो, तेव्हा दोष कॉलमला देऊ नये.

घाईत असाल तर ‘ऑक’ या कमांडने रकान्यांची अदलाबदल करा, अंतर आधी आणि नाव शेवटी. शेवटच्या रकान्याच्या उजवीकडे काहीच नसतं, त्यामुळे त्याची रुंदी चुकली तरी फरक पडत नाही. मराठी रकाने दोन असतील तर ही युक्ती पुरत नाही. मग कॉलमच वापरा, आणि आकडे उजवीकडे टेकवायचे असतील तर तिच्या लिनक्स आवृत्तीत मोठ्या आरचा पर्याय आहे, त्यापुढे रकान्याचा क्रमांक द्यायचा.