डी-डायमरचा आकडा आणि हेपॅरिनच्या डोसचा वाद

2003 च्या सार्समध्ये शवविच्छेदनात फुफ्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या सापडल्या होत्या. उपचार त्यावरून फारसे बदलले नाहीत.

2020 च्या सुरुवातीला वुहानमधले कोविडच्या रुग्णांचे अहवाल आले. दाखल होताना ज्यांचा डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात उतरणारा तुकडा) चढलेला, त्यांच्यात मृत्यू जास्त. आधी याला डीआयसी (रक्तवाहिन्यांत सर्वत्र गुठळ्या होण्याचा विकार) म्हटले गेले, पण ते नाव बसत नव्हते. डीआयसीत प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारे प्रथिन) खर्ची पडतात, रक्तस्राव होतो. इथे प्लेटलेट बहुधा ठीक, फायब्रिनोजेन उलट वाढलेले आणि डायलिसिसचे फिल्टर मात्र पुन्हा पुन्हा गोठून बंद पडायचे. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुजून बिघडते, फॅक्टर 8 (रक्त गोठवणारा एक घटक) वाढतो, त्याचा हा परिणाम.

मग हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या डोसचा प्रश्न आला. प्रतिबंधक डोस म्हणजे एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) 40 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. तो चालू असतानाही आयसीयूत गुठळ्या होत, म्हणून कित्येक ठिकाणी किलोमागे 1 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे 70 किलोच्या रुग्णाला दिवसाला 140 मिलिग्रॅम, असा पूर्ण डोस देणे सुरू झाले. चाचण्यांचे निकाल हाती नसताना, नुसत्या डी-डायमरवर. ही घाई होती, आणि तिचा आधारही डळमळीत होता. डी-डायमर मोजायची एकके दोन: काही किट एफईयूमध्ये आकडा देतात, काही डीडीयूमध्ये. पहिला दुसऱ्याच्या साधारण दुप्पट. एफईयूतले 500 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे डीडीयूतले सुमारे 250. डोसच्या तक्त्यात नुसते ‘1000 च्या वर’ लिहिले, तर डीडीयूत 600 आलेला रुग्ण नजरेतून सुटतो, आणि तेच रक्त दुसऱ्या किटवर 1200 दाखवून पूर्ण डोस मिळवून देते. शिवाय वय, गरोदरपण, नुकतेच झालेले ऑपरेशन यांनीही हा आकडा चढतो.

डिसेंबर 2020 मध्ये मोठ्या चाचण्यांत आयसीयूतल्या रुग्णांची भरती थांबवली गेली: पूर्ण डोसने फायदा दिसेना, रक्तस्रावाची भीती मात्र होती. वॉर्डातल्या, कमी गंभीर रुग्णांत 2021 मध्ये फायदा दिसला, आणि तोही डी-डायमर कमी असो वा जास्त. डोस ठरवताना आकड्यापेक्षा आजाराची पायरी महत्त्वाची निघाली.

तपासणीत गुठळी नक्की सापडली, तर पूर्ण डोस लागतोच. त्यावर वाद कधी नव्हता. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडांच्या कामाचे माप) 30 च्या खाली असेल तर एनॉक्सापॅरिन साचते, डोस कमी करावा लागतो. साधे हेपॅरिन सलाइनमधून चालू असेल तर फॅक्टर 8 वाढल्यामुळे एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) पुरेशी लांबत नाही आणि डोस विनाकारण चढत जातो. तिथे हेपॅरिनचा परिणाम थेट मोजणारी अँटी-टेन-ए पातळी बघतात.