तोंडाची चुणचुण वेगळी, तोंडाला सुटलेली लाळ वेगळी

डासांसाठी जे काही मारतात त्याला सगळे सरसकट 'औषध'च म्हणतात, ज्यांच्या घराबाहेर मारतात ते लोकही आणि पाठीवर पंप घेणारेही. त्यामुळे अंगावर उडालं किंवा नाकात गेलं की सल्ला पण एकच, तोंड धू, जरा सावलीत बस, होईल बरं. कधी तेवढं पुरतं, कधी अजिबात पुरत नाही, आणि फरक कशात आहे तर टाकीत नक्की काय होतं त्यात.

उडणाऱ्या डासांवर वापरायच्या रसायनांत दोन घराणी मोठी. एक पायरेथ्रॉइड, म्हणजे डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन, सायफेनोथ्रिन वगैरे. दुसरं ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे मॅलेथिऑन, पिरिमिफॉस-मिथाइल. पाण्यातल्या अळ्यांसाठीचं टेमेफॉस पण याच दुसऱ्या घराण्यातलं, पण ते इतकं सौम्य की ठरलेल्या मात्रेत, लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत, पिण्याच्या पाण्यात टाकायला जागतिक आरोग्य संघटनेची परवानगी आहे. डास एका रसायनाला दाद देईनासे झाले की दुसरं आणतात, त्यामुळे माणूस तोच, पंप तोच, पण आतलं विष बदललेलं असतं आणि हे त्याला कुणी सांगितलेलं असेलच असं नाही.

पायरेथ्रॉइड चेहऱ्यावर उडालं की काही वेळाने गालांवर, ओठांभोवती, पापण्यांवर चुणचुण सुरू होते, मुंग्या येतात, जळजळतं. माणूस घाबरतो. पण हा त्रास त्वचेतल्या नसांपुरता असतो आणि साधारण दिवसभरात आपोआप जातो. घाम, ऊन, चोळणं, गरम पाणी याने तो वाढतो, म्हणून साबण आणि थंड पाण्याने एकदा नीट धुवायचं आणि मग हात लावायचा नाही, व्हिटॅमिन ईचं तेल लावलं तर बऱ्याच जणांना आराम पडतो. दम्याच्या माणसाला मात्र या फवाऱ्याने खरंच श्वास लागू शकतो, ते हलक्यात घेऊ नका. आणि पोटात गेलं तर गोष्टच वेगळी, झटके येऊ शकतात, तिथे हॉस्पिटलच.

ऑर्गॅनोफॉस्फेटचं उलटं आहे. त्वचेवर फारसं काही जाणवत नाही, आणि खरी भीती तीच. भिजलेल्या शर्टातून, पाठीवर गळणाऱ्या टाकीतून ते गुपचूप आत जात राहतं आणि कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडत जातं. हे एन्झाइम म्हणजे नसांचा ब्रेक समजा, ब्रेक गेला की नसा थांबायचं नावच घेत नाहीत. मग डोकं दुखणं, मळमळ, घाम, तोंडाला लाळ सुटणं, नाक गळणं, पोटात पेटके, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडणं, छातीत घरघर. पहिली तीन लक्षणं बघा, उन्हात जाड कपडे घालून काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला होतील अशीच आहेत, म्हणून "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देतात. उन्हाने तोंड कोरडं पडतं, लाळ गळत नाही. लाळ, बारीक बाहुल्या किंवा फडफडणारे स्नायू दिसले की काम तिथेच थांबवायचं, हातमोजे घालून त्याचे कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि गाडी काढायची. यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे, पण तो डॉक्टरनेच द्यायचा. पायरेथ्रॉइडला असा खास उतारा नाही, तिथे लक्षणं बघून उपचार करतात.

आता हे वाचून कुणी म्हणेल म्हणजे मॅलेथिऑन वाईट आणि डेल्टामेथ्रिन बरं. गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत डेल्टामेथ्रिन 'मध्यम धोकादायक' आणि मॅलेथिऑन 'किंचित धोकादायक' आहे! शुद्ध मॅलेथिऑनचं विष आपलं शरीरच बऱ्यापैकी निष्प्रभ करून टाकतं. पण माल नीट बनलेला नसेल किंवा उष्णतेत पडून राहिला तर त्यात आयसोमॅलेथिऑन तयार होतं आणि ते शरीराची ही सोयच मोडून टाकतं. 1976 मध्ये पाकिस्तानात मलेरियाच्या फवारणीत हेच झालं, सुमारे 7500 फवारणी कामगारांपैकी अंदाजे 2800 जणांना विषबाधा झाली आणि 5 जण गेले. भर म्हणून हाताळणी पण निष्काळजी होती, औषध अंगावर उडत होतं. म्हणून मला विचाराल तर मास्कइतकंच गोदाम महत्त्वाचं, आणि मास्कच्या नावाखाली तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे नुसतं समाधान. ऑर्गॅनोफॉस्फेट रोज हाताळणाऱ्यांची मोसम सुरू व्हायच्या आधी एकदा रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासून ठेवायला पाहिजे. माणसामाणसात हा आकडा बराच वेगळा असतो, आधीचा माहीत नसेल तर नंतरचा कमी झालाय की नाही ते कशावरून ठरवणार?

घरातल्यांसाठी मोठ्यांपेक्षा इतर जिवांचा प्रश्न जास्त येतो. पायरेथ्रॉइड माशांसाठी भयंकर विषारी, फिशटँक झाकायचा आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवायचा. मांजरांना परमेथ्रिन पचवता येत नाही, ओल्या जागेवरून फिरून पंजे चाटले की पंचाईत. मधमाश्यांना दोन्ही घराणी मारतात, तिथे उपाय वेळेचाच, त्या बाहेर नसताना फवारायचं.

कामाला लागायच्या आधी डब्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार की नक्की काय मारत होता, आणि "डासांचं औषध" या उत्तराने त्यांना काहीच कळत नाही. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, फॉगिंगच्या मिश्रणात बऱ्याचदा डिझेल किंवा रॉकेल असतं आणि उलटीबरोबर ते फुप्फुसात गेलं तर विषापेक्षा तेच महागात पडतं.