लॉजिस्टिक्स की सप्लाय चेन? प्रोजेक्टचं नाव ठरवण्याआधी कांद्याची पट्टी वाचा

प्रोजेक्टचे दिवस आले की एमबीएची मुलं विषय घेऊन येतात. निम्म्यांचं नाव एकच: ‘सोलापुरातील अमुक उद्योगाच्या सप्लाय चेनचा अभ्यास’. आत पाहावं तर ट्रकचं भाडं, गोडाऊनची जागा, माल पोचायला लागलेले दिवस. अहो, हे लॉजिस्टिक्स झालं. विषय वाईट नाही, पाटी चुकीची लावलीय. व्हायव्हात पहिला चिमटा इथंच बसतो.

व्याख्या पाठ करून हा फरक डोक्यात शिरत नाही. पट्टी बघा, म्हणजे माल विकल्यावर बाजारात शेतकऱ्याला मिळणारी हिशेबाची पावती. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला १ रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. चेक हाती पडला २ रुपयांचा.

पट्टीतली वजावट म्हणजे लॉजिस्टिक्स. गोण्या कशातून आल्या, किती वेळा उचलल्या, दोघातिघांनी मिळून एक गाडी केली असती तर भाड्यात किती वाचलं असतं? हे सगळं मोजता येतं.

पण ही वजावट पूर्ण माफ केली असती तरी हाती ५१२ रुपयेच येणार होते. तो १ रुपया भाव कुठून आला, हे गाडीभाड्याच्या हिशेबात सापडत नाही. खरिपाचा लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. लागवड करताना शेजारच्या तालुक्यात किती एकर लागलाय, याचा पत्ता नसतो. मग सगळ्यांच्या गाड्या एकदमच बाजारात. शेतकरी, अडत्या, परराज्यातला खरेदीदार, जो तो आपल्यापुरता ठरवतो आणि मार खातो एकटा शेतकरी. ही सप्लाय चेन.

शब्दांचं वयही वेगळं आहे. लॉजिस्टिक्स फौजेतून आलेला जुना शब्द. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ १९८२ मध्ये किथ ऑलिव्हर या सल्लागारानं पुढे आणला.

टॉवेलवर करणार असाल तरी तेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून गठ्ठे मुंबईला स्वस्तात कसे जातील, हे लॉजिस्टिक्स. सूत रोखीनं घ्यायचं आणि टॉवेल उधारीवर द्यायचा, अशा कात्रीत कारखानदार किती माल करून ठेवतो आणि का, हे सप्लाय चेन.

माझा साधा नियम: तुमच्या प्रश्नात निर्णय घेणारे मालक किती, ते मोजा. एकच निघाला तर बहुधा लॉजिस्टिक्स, आणि हाती दोनच महिने असतील तर खुशाल तेच घ्या. भाड्याच्या पावत्या मागितल्या की मिळतात. उधारी किती दिवसांची, हे मात्र कारखानदार पहिल्या भेटीत सांगत नाही. तिसऱ्या चहाला सांगतो.