लिंगाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं म्हणजे सगळं संपलं, असं नाहीये

"ऑपरेशन झालं की पुरुषपण गेलं" हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय आणि याच भीतीनं माणसं जखम लपवत महिनोन्महिने घरी बसतात, तोवर गाठ वाढते आणि जे थोडक्यात भागलं असतं ते मोठ्या ऑपरेशनवर जातं. फार वाईट वाटतं याचं.

लवकर सापडलं तर बऱ्याचदा पूर्ण अवयव काढावाच लागत नाही. पूर्वी गाठीभोवतीचा २ सेंटीमीटर चांगला भागही काढायचे, आता काही मिलिमीटर पुरतात, फक्त त्याच जागी परत यायची शक्यता थोडी जास्त असते म्हणून चेकअप चुकवायचं नाही. थोडा भाग गेला तरी बरेच जण उभ्यानं लघवी करतात, कधी धार फाटते, कधी लघवीच्या वाटेचं तोंड आकसतं, ते लाजू नका, डॉक्टरांना सांगा, उपाय असतो. पूर्ण काढलं तर वृषणांच्या मागं लघवीची नवीन वाट करतात, बसून जावं लागतं पण कंट्रोल सहसा राहतो.

आणि इच्छा? वृषणं सहसा जागेवरच असतात, हार्मोन बनत राहतं, त्यामुळं ती आपोआप मरत नाही. संबंध बदलतात, काहींना खूप जड जातं हे खरंय, जोडीदाराला घेऊन कौन्सेलिंगला जा.

जांघेतल्या लिम्फ नोड (रोगाशी लढणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या तर पायाला सूज येऊ शकते, संध्याकाळपर्यंत चप्पल घट्ट होते, याबद्दल मात्र कुणी बोलतच नाही. प्रेशरचे मोजे, व्यायाम, त्वचेची काळजी हे ऑपरेशनआधीच विचारून ठेवा.